पाखरांच्या मागे, बपेऱ्याहून नवेगावबांधपर्यंत

माझा एक मामेभाऊ नैरोबीला नोकरी करतो. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो आठ दिवसांच्या पक्षीदर्शन सहलीला गेला आणि रोज रात्री मोबाइलवर फोटो पाठवू लागला. नैवाशा सरोवर, नाकुरूच्या खाऱ्या तळ्यावरचे गुलाबी रोहित, काकामेगाचं घनदाट जंगल, शेवटी मसाई मारा. सोबत वाटाड्या, उघड्या छताची गाडी, प्रत्येकाच्या गळ्यात दुर्बीण. एका फोटोत डोक्यावर सोनेरी काड्यांचा मुकुट घातलेला क्रौंच होता. हाच पक्षी युगांडाच्या झेंड्यावर आहे, असं त्याने खाली लिहिलं होतं. केनियात हजाराहून जास्त जातींचे पक्षी आहेत, हेही त्यानेच कळवलं.

माझी मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत. दोघंही मोबाइलला चिकटून बसले आणि व्हायचं तेच झालं. “अम्मी, आपण कधी जायचं?” मी मनातल्या मनात हिशेब केला. विमानाचं तिकीटच आमच्या वर्षभराच्या धानाच्या पैशाहून जास्त. मुलांचे अब्बू हसून म्हणाले, “आफ्रिकेचं राहू दे. आपल्या जिल्ह्यात तलाव काय कमी आहेत? ते तरी कुठे पाहिलेत आपण?”

बोलणं खरं होतं. माझं सासर बपेरा, तुमसर तालुक्यातलं. तुमसरहून सिहोऱ्यावरून बालाघाटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, राज्याच्या अगदी काठावर. पूल ओलांडला की मध्य प्रदेश. पुलाखाली बावनथडी नदी, आणि ती पुढे जाऊन वैनगंगेला मिळते. भंडारा-गोंदियाला तलावांचा मुलूख म्हणतात. गोंदिया १९९९ साली वेगळा जिल्हा झाला, पण तलावांना ते कुणी सांगितलेलं नाही. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी उतार पाहून, पाळी घालून हे तलाव बांधले. सरकारी कागदात त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, बोलताना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात. लहान असेल तर बोडी. लग्न होऊन मला अठरा वर्षं झाली, पण तलाव म्हणजे शिंगाडे आणि मासोळी, एवढीच माझी ओळख होती.

आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा. दोन माणसांच्या वाढदिवसांच्या मधला हा आठवडा. त्या निमित्ताने मुलीच्या शाळेतल्या एका सरांनी दोन दिवसांची सहल काढली. चौदा जण, एक ट्रॅव्हलर गाडी, गोंदियाकडचा एक तरुण मार्गदर्शक. मुलांसोबत घरातलं एक मोठं माणूस हवं, अशी अट होती. मी जाणारच होते, पण आदल्या रात्री सासरे म्हणाले, “मी पण येतो.”

आम्ही सगळे बघतच राहिलो. अब्बाजींचं वय ७८. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले, तरी लांबचं धूसरच दिसतं. आणि दुसरी गोष्ट अशी की अब्बाजी तरुणपणी शिकारी होते. त्यांच्या वडिलांकडे भरमार बंदूक होती. थंडीत चांदपूरच्या तलावावर बदकं उतरली की बाप-लेक पहाटे निघायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, पुढे बंदूकही गेली. पण त्या बदकांच्या सालनाच्या गोष्टी आमच्या घरात अजून रंगतात. असा माणूस पक्षी सप्ताहाच्या सहलीला! माझ्या जाऊबाई तर तोंडावर पदर घेऊन हसल्या.

शनिवारी फजरनंतर निघालो. जर्मनच्या मोठ्या डब्यात तहरी, लोणचं, मुलांसाठी रव्याचे लाडू. पहिला मुक्काम जवळचाच, चांदपूर. सिहोरा भागातली धानशेती या तलावावर उभी आहे. सोंड्याटोल्याच्या उपसा योजनेतून बावनथडीचं पाणी वर चढवून या तलावात सोडतात. म्हणजे आमच्या दारावरून वाहणारी नदीच इथे येऊन बसते म्हणा. पाण्यावर धुकं होतं. सरांनी दुर्बीण मुलांच्या हातात दिली आणि मुलं भांडू लागली.

अब्बाजी पाळीवर काठी टेकून उभे होते. डोळे मिटलेले. मग म्हणाले, “डावीकडे, कमळाच्या पानांत. अडई आहे. बरीच आहे.” मार्गदर्शकाने दुर्बीण लावली. शिट्टी घातल्यासारखा आवाज करणारी तपकिरी बदकं, साठ-सत्तर तरी असतील, तिथेच होती. त्या मुलाने अब्बाजींकडे वळून पाहिलं आणि त्यानंतर दोन दिवस तो त्यांच्या बाजूनेच चालला. दादांना दिसत नाही पण ऐकू येतं, हे माझ्या मुलाने गाडीत सगळ्यांना दहा वेळा सांगितलं. कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी, पांढऱ्या कपाळाचा काळा वारकरी, पंख वाळत घातलेले पाणकावळे. पाळीवर एक हुदहुद चोचीने जमीन उकरत होता. त्याला मात्र मुलांनीच ओळखलं. सुलैमान अलैहिस्सलामांना सबाच्या राणीची खबर आणून देणारा हाच पक्षी, हे दादांनी रात्री झोपताना कितीदा सांगितलंय. मुलगा फक्त एवढंच म्हणाला, “एवढासा?”

गाडीत मार्गदर्शकाने सालिम अलींची गोष्ट सांगितली. आपल्या वाचकांतल्या पुष्कळांना ती माहीत असेल, तरी सांगते, कारण ती ऐकताना मी अब्बाजींच्या चेहऱ्याकडे पाहत होते. सालिम अलींचा जन्म १८९६ साली मुंबईचा. लहानपणीच आई-वडील गेले, मामा अमिरुद्दीन तैयबजींनी सांभाळलं. मुलाच्या हातात एअरगन आली आणि तो चिमण्या मारू लागला. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही वेगळीच दिसते, खायला चालेल का, हा प्रश्न घेऊन तो मामांकडे गेला. मामांनाही ओळखता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड नावाच्या साहेबांकडे पाठवलं. मिलर्डनी पक्षी ओळखला, भुसा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले, आणि तिथून एका मुलाचं आयुष्य बदललं. १९४१ साली आलेलं त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आजही पक्षीनिरीक्षकांच्या पिशवीत असतं. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. सुरुवात मात्र हंडीत शिजणाऱ्या चिमणीपासून.

अब्बाजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “म्हणजे तेही आधी मारायचेच.” एवढंच. पुढे तुमसर येईपर्यंत बोलले नाहीत.

तुमसरहून तिरोडा, तिथून गोंदियाकडे. दुपारी आम्ही एका गावाजवळ उतरलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मार्गदर्शकाने तशी विनंती केली होती, आणि ती मला पटली. तिथे सारस होते.

सारस महाराष्ट्रात उरला आहे तो जवळजवळ आमच्याच भागात. गोंदिया, थोडे भंडाऱ्यात, आणि नदीपलीकडे बालाघाटमध्ये. इकडची संख्या डझनांत मोजावी लागते. माणसाएवढा उंच, राखाडी अंग, लाल मान. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याहून उंच कुणी नाही. मामेभावाच्या फोटोतल्या मुकुटवाल्या क्रौंचाच्याच कुळातला. धानाच्या बांधीत, पाण्यात, काड्या-गवताचा ढीग रचून घरटं करतो. बहुतेक वेळा अंडी दोन. नर-मादी आळीपाळीने महिनाभर बसतात. आता अडचण अशी की बांधी शेतकऱ्याची. घरट्याभोवतीचं धान तुडवलं जातं, फवारणीचं विष पोटात जातं, उंच अंगामुळे विजेच्या तारांना धडकूनही सारस मरतात. गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था कित्येक वर्षं गावोगाव फिरून शेतकऱ्यांना समजावते आणि दरवर्षी सारस मोजते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये या पक्ष्याच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. त्यामुळे हलकं का होईना, सरकारी चाक फिरलं.

जोडी आमच्यापासून दोनशे पावलांवर होती. कापलेल्या धानात दाणे टिपत. सोबत तपकिरी मानेचं एक पिल्लू. मुलंसुद्धा गप्प झाली. मग नराने मान वर केली, चोच आभाळाकडे, आणि हाक दिली. मादीने लगेच दुसरी मिळवली. तो आवाज छातीत वाजतो. लिहून कळवता येणार नाही.

अब्बाजी धुऱ्यावर खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. पाण्याची बाटली घेऊन गेले तर ते म्हणाले, “बस, बेटा.” आणि सांगू लागले.

ते चौदा-पंधरा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांनी नदीकाठची एक बांधी बटईने केली होती. त्यात सारसांनी घरटं घातलं. बरंच धान आडवं झालं. त्या वर्षी पाऊसही कमी, घरात खाणारी तोंडं नऊ. वडील म्हणाले, घरटं काढून टाक. अब्बाजींनी दोन्ही अंडी उचलली. मोठी, हाताच्या पंजात न मावणारी. आईने ती तव्यावर केली आणि भावंडांनी खाल्ली. “बदकं मी शेकड्याने मारली असतील. त्याचं मला काही वाटत नाही, भूक होती, हलाल होती. पण ती जोडी आठ-दहा दिवस त्या जागेवर येऊन उभी राहायची. ओरडायची नाही. नुसती उभी. मी रोज गुरं घेऊन तिथूनच जायचो. पुढच्या वर्षी आली नाही. मग कधीच आली नाही.”

ही गोष्ट त्यांनी घरात कुणालाही सांगितली नव्हती. त्यांच्या मुलालाही नाही, हे मी नंतर विचारून घेतलं.

रात्री मुक्काम नवेगावबांधला. इथलं तळं अठराव्या शतकातलं, कोलू पाटील कोहळींनी बांधलेलं. चहूकडे डोंगर, मध्ये अकरा चौरस किलोमीटरचं पाणी. १९७५ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१३ पासून नागझिऱ्यासह व्याघ्र प्रकल्प. तळ्याकाठच्या पक्षी अभयारण्याला सालिम अलींचंच नाव. मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत इथे राहिले आणि ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक इथलंच. ढीवर, गोंड, कोहळी, जो भेटेल त्याला विचारून त्यांनी पक्ष्यांची गावठी नावं जमवली. सोलापूरचा माणूस, आणि आमच्या झाडीपट्टीची नावं त्याच्या पुस्तकातून महाराष्ट्राला कळली. मी ते पुस्तक परतल्यावर तुमसरच्या वाचनालयातून आणलं. इतक्या वर्षांत कुणी कसं आणून दिलं नाही, याचा राग आला.

सकाळी तळ्यावर गेलो. खरं सांगायचं तर थोडी निराशा झाली. पुस्तकातलं वाचून किंवा सरांचं ऐकून मनात जे चित्र होतं, तेवढे पक्षी नव्हते. चक्रवाकाच्या दोन जोड्या, तलवार बदकांचा लहानसा थवा, कवड्या धीवर पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला. नावाड्याने सांगितलं, पूर्वी डिसेंबरात पाणी दिसायचं नाही इतकी बदकं. आता वनस्पती माजली, गर्दी वाढली. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब अजून यायचे होते. मार्गदर्शकाने मुलांना दुसरीच गोष्ट सांगून खूश केलं. अमूर ससाणा नावाचा कबुतराएवढा शिकारी पक्षी याच दिवसांत ईशान्य भारतातून निघतो, मध्य भारतावरून जातो, अरबी समुद्र एका दमात ओलांडतो आणि आफ्रिकेत उतरतो. नागालँडमध्ये दोयांग धरणाजवळ २०१२ साली हे ससाणे जाळ्यात धरून हजारोंनी मारले गेले. बोभाटा झाला. गावकरी, चर्च, सरकार एकत्र बसले आणि पुढच्याच वर्षी तिथली शिकार थांबली. मुलीने लगेच आभाळाकडे पाहिलं. दिसला मात्र नाही.

सहल इथे संपली. पण माझं लिहायचं कारण पुढे आहे.

माझ्या नणंदेचा मुलगा आमच्याकडेच राहतो. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला आहे. पावसाळ्यात चिखलणी, आणि नदी आटली की रेती. आमच्याकडे रेतीघाटाचा धंदा काय चीज आहे, हे भंडारा जिल्ह्याबाहेरच्या वाचकांनाही बातम्यांतून ठाऊक असेल. हा पोरगा रॉयल्टीची पावती घेऊनच भरतो, तरी नदी तर खणली जातेच. मार्चमध्ये, रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात, मुलगी नदीवर गेली आणि धावत परत आली. पात्रातल्या उघड्या रेतीवर पक्ष्यांनी अंडी घातली होती. घरटं असं नाहीच, रेतीत नुसता खळगा, त्यात मातकट ठिपक्यांची अंडी. जवळ गेलं की पिवळ्या चोचीचे, काळ्या टोपीचे पक्षी डोक्यावर झेप घेतात. नदी सुरय. मुलीने सहलीतल्या वहीत नाव शोधून काढलं. सहा खळगे होते, आणि ट्रॅक्टरची चाकोरी त्यांच्यामधून जात होती.

इफ्तारनंतर घरात वाद झाला. भाचा म्हणाला, “मामी, चाकोरी बदलली तर अर्धा किलोमीटरचा फेरा पडतो. दिवसाला दोन खेपा कमी. डिझेल कुणाच्या खिशातून? पाखरं दरवर्षी अंडी घालतात, माझा हप्ता दर महिन्याला येतो.” त्याचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. मुलगी रडू लागली. तिच्या अब्बूंनी तिलाच दटावलं. अब्बाजी काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जोहरच्या आधी ते घरात नव्हते. शोधत गेले तर नदीत. जुनी काळी छत्री उघडून, पोतं अंथरून, खळग्यांपासून तीसेक पावलांवर बसलेले. रोजा असताना, मार्चच्या उन्हात, ७८ वर्षांचा माणूस. मी घाबरले, चिडलेही. “अब्बाजी, काय हे?” ते म्हणाले, “मी काही करत नाही. बसलोय फक्त. जास्त जवळ गेलं तर पाखरं अंडी सोडून उडतात, मग उन्हाने अंडी शिजतात. तू पण मागे सरक.” एक सुरय नदीवर गेली, पोट पाण्यात भिजवून परत येऊन अंड्यांवर बसली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. उन्हात अंडी गार ठेवायची ती त्यांची पद्धत.

भाच्याचा ट्रॅक्टर आला. लांबच थांबला. पाच मिनिटं इंजिन चालू. मग त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि वरच्या बाजूने गेला. संध्याकाळी तो अब्बाजींशी बोलला नाही, जेवणातही नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बाभळीचे काटे तोडून खळग्यांभोवती, अब्बाजींनी सांगितलं तितक्या अंतरावर, टाकून आला. ज्याच्याकडे तो रेती पोचवतो त्याने उशिराबद्दल चारचौघांत बोलून घेतलं, तेही त्याने आम्हाला नंतर सांगितलं. दुसऱ्या दोन ट्रॅक्टरवाल्यांना त्याने वाट बदलायला लावली. एकाने ऐकलं, एकाने ऐकलं नाही, आणि एक खळगा चाकाखाली गेला. दोन कुत्र्यांनी फस्त केले. राहिले तीन. ईदच्या नमाजनंतर मुलं नव्या कपड्यांत नदीवर धावली तेव्हा एका खळग्यात रेतीच्याच रंगाची दोन पिल्लं होती, हलली नसती तर दिसली नसती. बाकीच्यांची पुढच्या आठवड्यात फुटली. पुढे किती जगली ते मोजणं आमच्या हाती नव्हतं.

त्या महिन्यात हप्त्याला पैसे कमी पडले. मी माझ्या भिशीतले दिले. अजून परत आलेले नाहीत, आणि भाचा समोर आला की त्या विषयावर दोघंही गप्प असतो.

जूनमध्ये पाऊस लांबला होता. बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बाजी अंगणात खाटेवर पडले होते. एकदम उठून बसले. मागच्या चिंचेवरून ‘पियू, पियू’ असा आवाज येत होता. चातक. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा. पावसाच्या तोंडावर हा आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो आणि सातभाईच्या घरट्यात अंडी घालून मोकळा होतो, हे एव्हाना मुलीला पाठ होतं. तिने मोबाइलवर आवाज भरून घेतला.

त्याच महिन्यात, १८ तारखेला, चितमपल्ली गेल्याची बातमी आली. वय ९२. त्याच वर्षी पद्मश्री मिळाला होता. वाचनालयाचं पुस्तक अजून आमच्याकडेच होतं. अब्बाजी मुलीकडून रोज रात्री त्यातली दोन-चार पानं वाचून घेत होते. त्या रात्री त्यांनी नवेगावच्या तळ्याचं पान पुन्हा वाचायला लावलं.

चातकाचा आवाज आम्ही नैरोबीला पाठवला होता. मामेभावाचं उत्तर चार दिवसांनी आलं. त्याने ओळखला नाही. विचारत होता, हा कोणता पक्षी, आमच्याकडे दिसतो का?